फॉर्म लहान-मोठा केला की कोडमधून तयार केलेले कंट्रोल विस्कटतात

मापनडेस्क
सी-शार्प भाषा, विनफॉर्म्स (विंडोजवरच्या खिडक्या म्हणजे फॉर्म बनवायची लायब्ररी). कॉन्फिग फाइलमध्ये जितके सेन्सर, तितके कंट्रोल, म्हणजे लेबलं आणि टेक्स्टबॉक्स, फॉर्म उघडताना कोडमधून तयार होतात. रिसाइझ इव्हेंटमध्ये (फॉर्मचा आकार बदलला की चालणारा कोड) नवी रुंदी भागिले आधीची रुंदी असं गुणोत्तर काढून प्रत्येक कंट्रोलचे लेफ्ट, टॉप, विड्थ, हाइट बदलतो. कोपरा धरून थोडा वेळ खेचलं की टेक्स्टबॉक्स बारीक होत जातात. मिनिमाइझ करून परत उघडलं की सगळंच गायब! कुठे बघू?

निळाकर्सर
अँकर (कंट्रोलला फॉर्मच्या कडांशी बांधणारी प्रॉपर्टी) वापरा की. डावी-उजवी दोन्ही बाजू लावा, रुंदी आपोआप वाढते.

चौकट
इथे अँकरने भागणार नाही. अँकर कडेपासूनचं अंतर जपतो, प्रमाण नाही. एका ओळीतल्या दोन टेक्स्टबॉक्सना डावी-उजवी लावून फॉर्म रुंद केला, तर ते एकमेकांवर चढतात.

मूळ दुखणं वेगळं आहे. लेफ्ट, विड्थ हे पूर्णांक. दर इव्हेंटला अपूर्णांक कापला जातो आणि पुढचा गुणाकार त्या कापलेल्या आकड्यावर होतो, म्हणून रुंदी झिजते. मिनिमाइझ केल्यावर क्लायंटसाइझ (फॉर्मच्या आतल्या जागेचं माप) शून्य होतो. एकदा शून्याने गुणलेली रुंदी परत कुठून येणार? तेव्हा कंट्रोल तयार करतानाच त्याची मूळ चौकट (लेफ्ट, टॉप, विड्थ, हाइट) आणि फॉर्मचा मूळ क्लायंटसाइझ डिक्शनरीत ठेवा. दर वेळचा हिशोब त्यावरूनच करा. विंडोस्टेट मिनिमाइझ्ड असेल तर तिथूनच परत फिरा.

चार प्रॉपर्टी वेगवेगळ्या बदलू नका, प्रत्येक वेळी कंट्रोल नव्याने हलतो. त्याऐवजी चारही एकत्र बदलणारं सेटबाउंड्स एकदाच. लूपच्या आधी सस्पेंडलेआउट, नंतर रिझ्यूमलेआउट. (त्याने लेआउटचा हिशोब थांबतो, रंगवणं नाही.) एका ओळीच्या टेक्स्टबॉक्सची हाइट तर गुणूच नका, ती फॉन्टवरून ठरते.

पण मला विचाराल तर टेबललेआउटपॅनेल (कंट्रोल ओळी-कॉलममध्ये बसवणारं पॅनेल) घ्या आणि कॉलम टक्क्यांत द्या. तुमचे पिक्सेल 96 डीपीआयवर (इंचाला 96 ठिपके) बेतलेले असणार. कुणाच्या मशीनवर स्केलिंग 150 टक्के असतं, म्हणजे 144 डीपीआय. फॉर्मचं स्केलिंग होऊन गेल्यावर जोडलेल्या कंट्रोलला ते आपोआप लागत नाही. मापनाच्या पडद्यावर शेवटचा अंक कापला गेला तर 1250 चं 125 वाचलं जाईल, आणि वाचणाऱ्याला ते कळणारही नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

मापनडेस्क
मूळ चौकट ठेवल्यावर झिजणं थांबलं, मिनिमाइझही ठीक. टेबललेआउटपॅनेल पुढच्या आवृत्तीत घेतो. एक राहिलं: ऑटोस्क्रोल असलेलं पॅनेल खाली सरकवून नवी ओळ जोडली की ती फार खाली जाते, मध्ये मोकळी जागा राहते.

चौकट
टॉप हा पॅनेलच्या आत्ता दिसणाऱ्या वरच्या कडेपासून मोजला जातो. काढलेल्या टॉपमध्ये ऑटोस्क्रोलपोझिशनचा (पॅनेल किती सरकलंय ते सांगणारी प्रॉपर्टी) वाय मिळवा. तो वाचताना ऋण येतो, त्यामुळे बेरीजच करायची. तीच प्रॉपर्टी स्वतः सेट करताना मात्र धन आकडा द्यावा लागतो.