चटणीची वेबसाइट आणि सोसायटीचा ग्रुप

ए-२०२: नमस्कार मंडळी. घरच्या कांदा-लसूण चटणीची साधी वेबसाइट करावी म्हणतो. पाच-सहा फोटो, भाव, व्हॉट्सअॅपचं बटण, बास. एकानं पंचवीस हजार सांगितलेत. लॅपटॉप हाय, कोडिंगचं ओ की ठो येत नाही. घरी जमंल का?

सी-५०१: जमतंय की वहिनी. खर्च फक्त डोमेनचा, म्हणजे नावाचा. बाकी फुकटात होतं.

डी-१०१: वर्डप्रेस का काय म्हणत्यात ते घ्या की.

सी-५०१: आबा, एका पानासाठी वर्डप्रेस म्हणजे वाटीभर चटणीला डंकाची गिरणी. ते वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर. त्याला डेटाबेस लागतो, म्हणून होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवरची जागा, विकत घ्यावी लागते. वर प्लगइन, थीम, अपडेट यांची राखण करायची. अपडेट तुंबले की तिथूनच कुणीतरी आत शिरतं. एचटीएमएलचं, म्हणजे ब्राउझर वाचतो त्या भाषेतलं, साधं पान म्हणजे नुसती फाइल. तिला लॉगिनच नाही, तर तोडणार काय?

वहिनी, सामान लिहून घ्या. एक फोल्डर, त्यात ‘इंडेक्स डॉट एचटीएमएल’ ही एक फाइल आणि ‘फोटो’ नावाचं दुसरं फोल्डर. नावं इंग्रजीत, सगळी स्मॉल लिपीत, मधे स्पेस न देता. लिहायला व्हीएस कोड घ्या, फुकट आहे. नोटपॅडवर केलंत तर सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा. नाहीतर ते मागं गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवतं, विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं आणि फाइल उघडली की पानाऐवजी नुसता कोड दिसतो.

डी-१०१: कोड इथंच टाक की रं, आम्हीबी शिकतो.

सी-५०१: इथं टाकला की त्याचा इस्कोट होतो आबा. आयफोनचा कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हांची गोलसर करतो, ती ब्राउझरला कळत नाहीत. दोन फुल्यांमधला मजकूर व्हॉट्सअॅप ठळक करून टाकतं आणि फुल्या गायब. वर्डमधून कॉपी केलं तरी अवतरणचिन्हांची तीच गत. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवतो.

सी-५०१: 📄 नमुन्याची फाइल, डॉक्युमेंट

सी-५०१: फाइलच्या सुरुवातीच्या ‘हेड’ भागातल्या चार गोष्टी काढू नका. पहिली, कॅरसेट यूटीएफ-८, म्हणजे अक्षरं कशी वाचायची ते सांगणारी ओळ. ही नसली तर ‘चटणी’च्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली परकी अक्षरं दिसू शकतात. दुसरी, व्ह्यूपोर्ट, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीला बसवणारी ओळ. ही विसरली की मोबाइल पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि आक्रसून दाखवतो, अक्षरं मुंगीएवढी. तुमचं गिऱ्हाईक मोबाइलवरनंच येणार, त्यामुळे ही चुकली तर सगळंच चुकलं. तिसरी टायटल, गुगलमध्ये बहुतेक तीच ओळ दिसते. चौथी, भाषा मराठी असल्याची खूण. ती कशासाठी ते बी-१०४ ताई सांगतील, त्यांचा प्रांत आहे.

बी-१०४: सांगते. पण आधी वहिनी, पाकिटाच्या लेबलवरचा मजकूर प्रेसवाल्याकडून आलाय का? श्रीलिपीत असेल ना?

ए-२०२: व्हय, त्यांनीच फाइल दिलीय. तीच कॉपी करून चिकटवणार होतो.

बी-१०४: म्हणूनच विचारलं. श्रीलिपी, कृतिदेव हे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीची चित्रं बसवतात. फॉन्ट बदलला की खालची इंग्रजी खिचडी उघडी पडते. गुगललाही ती खिचडीच दिसणार, मग ‘कांदा लसूण चटणी’ शोधणाऱ्याला तुमचं पान कसं सापडावं? युनिकोड, म्हणजे सगळीकडं चालणारी खरी मराठी अक्षरं करून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढून घ्या आणि नंतर डोळ्यांनी तपासा. घोळ ठरलेल्या जागी होतो. रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतो. पहिली वेलांटी जागा सोडते. ‘करणाऱ्या’चं थेट ‘करणार्या’ होतं. दोनशे शब्द असतील तर सरळ मोबाइलवर मराठी कीबोर्डनं नव्यानं टाइप करा, तेवढ्याच वेळात होतं आणि चुकाही कमी.

आता भाषेची खूण. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी घ्या, मोफत आहे. त्यात ल आणि श यांची दोन-दोन रूपं आहेत. पानावर मराठीची खूण असली की पाकळीचा ल आणि देठाचा श उमटतो. नसली की हिंदी वळणाचा. ‘लसूण’ आणि ‘कोल्हापूर’ दोन्हीत ल आहे, मथळ्यातच दिसेल.

डी-१०१: एवढं बारीक कोण बघतंय?

बी-१०४: आबा, चटणीत मीठ कमी पडलं तर कुणाला दिसतं का? पण जेवताना कळतंच.

अजून दोन. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत ते शोभतं, देवनागरीत शिरोरेघ तुटून दातांत फटी पडल्यागत दिसतं. आणि दोन ओळींतलं अंतर १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो.

ए-२०२: लिहून घेतलो. फोटो मोबाइलवर काढलेत, एकेक ४-५ एमबीचा.

सी-५०१: तसेच टाकायचे नाहीत. सहा फोटो म्हणजे पंचवीस-तीस एमबी, गावाकडं नेटवर्क कमी असलं की गिऱ्हाईक वाट न बघता जाणार. स्क्वूश नावाचं गुगलचं साधन ब्राउझरमध्येच चालतं. रुंदी १२०० पिक्सेल, प्रकार वेबपी, क्वालिटी ७५. फोटो दीड-दोनशे केबीत येतो, डोळ्याला फरक कळत नाही. आयफोनचे एचईआयसी फोटो क्रोम दाखवतच नाही, ते बदलावेच लागतात.

ए-३०३: भर घालतो. मोबाइलच्या फोटोत लोकेशन चालू असेल तर घराचा अक्षांश-रेखांश आतच असतो. स्क्वूशमधून काढला की तो निघून जातो. मूळ फाइल तशीच चढवली तर राहतो.

सचिव: लोकेशनवरून आठवलं. वेबसाइटवर फ्लॅट नंबर टाकू नका. गिऱ्हाईक गेटवर येऊन वॉचमनशी हुज्जत घालतंय असं नको. ‘कोल्हापूर, घरपोच आणि कुरिअर’ एवढं लिहा.

ए-२०२: चालंल काका.

ए-२०२: एक अडचण. माझ्या लॅपटॉपवर फोटो दिसतात. मिस्टरांच्या लॅपटॉपवर तेच पान उघडलं तर नुसत्या रिकाम्या चौकटी.

सी-५०१: कोडमध्ये फोटोचा पत्ता ‘सी ड्राइव्ह, युजर्स, डेस्कटॉप’ असा सगळा पडलाय का बघा. तो पत्ता फक्त तुमच्या लॅपटॉपवर खरा. नुसतं ‘फोटो, तिरकी रेघ, फाइलचं नाव’ एवढंच ठेवा. रेघ उजवीकडं झुकणारी, विंडोजची उलटी नव्हे. आणि फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल तंतोतंत जुळवा. विंडोजला ‘चटणी डॉट जेपीजी’ कॅपिटलमध्ये काय नि स्मॉलमध्ये काय, दोन्ही एकच. होस्टिंगच्या सर्व्हरला त्या दोन वेगळ्या फाइल्स. घरी दिसतं, चढवल्यावर गायब होतं, त्यात बहुतेक वेळा हेच निघतं.

ए-२०२: तेच होतं. दिसतंय आता. पुढं?

ए-३०३: पुढचं माझ्याकडं. आधी डोमेन. हे एकच काम दुसऱ्या कुणाला सांगू नका वहिनी, अगदी पंचवीस हजारवाल्यालाही नाही. खातं तुमच्या ईमेलवर, तुमच्या नंबरवर, तुमच्या नावावर. ज्याच्या खात्यात डोमेन, त्याची वेबसाइट. वेबसाइटवाल्यानं स्वतःच्या खात्यात घेतलं आणि उद्या फोन उचलायचा बंद केला, तर पाकिटावर छापलेलं नाव तुमचं आणि किल्ली त्याच्याकडं.

ए-२०२: नाव काय घेऊ?

ए-३०३: फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला बरोबर टाइप करता आलं पाहिजे. ‘चटणी’ इंग्रजीत लिहायची म्हटली तर चार जण चार स्पेलिंग करणार. शक्यतो असा शब्द टाळा किंवा जोडीला दुसरं स्पेलिंगही घ्या. मधली आडवी रेघ नको. शेवटी ‘डॉट इन’ ठीक. ‘डॉट भारत’ २०१४ पासून मिळतं, देवनागरीत नाव लिहिता येतं, ऐकायलाही झकास. पण कॉपी केल्यावर पुष्कळदा ‘एक्स एन’नं सुरू होणारी अगम्य रांग उमटते, आणि तसा ईमेल पत्ता सगळीकडं स्वीकारत नाहीत. घ्यायचं तर जोडनाव म्हणून घ्या. एक अक्षर चुकलं तर दुरुस्ती नसते, नवीनच घ्यावं लागतं. पैसे भरायच्या आधी मोठ्यानं वाचा.

पहिल्या वर्षाचा भाव बघून हुरळू नका. शेजारी बारीक अक्षरात रिन्युअलचा भाव असतो, तो दरवर्षीचा. त्यावर १८ टक्के जीएसटी. बिलात होस्टिंग, ईमेल, ‘वेबसाइट सुरक्षा’ असल्या टिका आधीच मारलेल्या असतात, त्या काढा. ईमेल तपासायची लिंक येते, ती त्याच दिवशी दाबा. ‘डॉट कॉम’ला १५ दिवसांत ती दाबली नाही तर डोमेन बंद पाडतात.

ए-२०२: डोमेन घेतलो. आता फोल्डर कुठं टाकायचं?

सी-५०१: गिटहब पेजेसवर फुकट चालतं की.

ए-३०३: शिकायला उत्तम, पण तिथल्या नियमांत धंद्याची वेबसाइट बसत नाही. क्लाउडफ्लेअर पेजेस घ्या, फुकट योजना पुरते. खातं काढा, पेजेसमध्ये फाइल्स थेट चढवायचा पर्याय निवडा, प्रोजेक्टला नाव द्या, फोल्डर ओढून टाका, डिप्लॉय. मिनिटभरात ‘पेजेस डॉट डेव्ह’वरचा पत्ता मिळतो. ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, असं आलं तर फोल्डरच्या पोटात अजून एक फोल्डर गेलंय असं समजा. इंडेक्स फाइल सगळ्यात वरच्या पातळीवर पाहिजे.

आणि नंतर भाव बदलला तरी पूर्ण फोल्डर परत चढवा. नुसती बदललेली फाइल चढवली तर नव्या आवृत्तीत तेवढीच राहते आणि फोटो जातात. घाबरू नका, जुनी आवृत्ती तिथंच असते, ‘रोलबॅक’ दाबलं की परत येते.

आता नाव जोडायचं. क्लाउडफ्लेअरमध्ये डोमेन जोडलं की ते दोन नेमसर्व्हर, म्हणजे नावाचा पत्ता सांगणारे सर्व्हर, देतं. जिथं डोमेन घेतलंत तिथले जुने काढून हे दोन घाला. मग पेजेसमध्ये ‘कस्टम डोमेन्स’मध्ये नाव घाला, एकदा नुसतं आणि एकदा पुढं तीन डब्ल्यू लावून. ही पायरी गाळून डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, हातानं सीनेम नावाची नोंद टाकली तर ५२२ अशी चूक येते आणि माणूस भलतीकडंच शोधत बसतो.

ए-२०२: माझ्या मोबाइलवर दिसतंय. घरच्या वायफायवर अजून ‘साइट सापडत नाही’.

ए-३०३: थांबा फक्त. जुनं उत्तर वाटेतल्या सर्व्हरांनी लक्षात ठेवलेलं असतं. कुणाकडं दहा मिनिटांत बदलतं, कुणाकडं दिवस-दोन दिवस लागतात. या काळात सेटिंग परत परत बदलणं हीच खरी चूक. कुलपाचं, म्हणजे एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र आपोआप आणि फुकट मिळतं. ते कुणी विकायला आलं तर नको म्हणा. नवीन डोमेन घेतलं की ‘एसइओ करून देतो’, म्हणजे गुगलवर वर आणतो, म्हणणाऱ्यांचे फोन सुरू होतात, तेही ऐकून सोडून द्या.

सी-५०१: तोवर व्हॉट्सअॅपचं बटण तपासा. लिंकमध्ये ९१ आणि मग दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह नाही, शून्य नाही, स्पेस नाही. पानावर दिसणारा नंबर मराठी आकड्यांत चालेल, लिंकमधला इंग्रजीच पाहिजे. फॉर्म करू नका. साध्या पानावरचा फॉर्म पाठवायला मागं काहीतरी चालू लागतं, नसलं तर गिऱ्हाईक ‘पाठवा’ दाबतं आणि ऑर्डर हवेत जाते.

सचिव: एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा नंबर?

सी-५०१: बरं आठवलंत. १४ आकडी आहे तो. पाकिटावर असतो तसा पानाच्या तळाशीही टाका. शिवाय वजन, टिकण्याची मुदत, आणि मिरची कुठली तेही. संकेश्वरी की ब्याडगी, हे कोल्हापुरात पहिलं विचारतात.

ए-२०२: झालं मंडळी, वायफायवरबी आलं. लिंक टाकतो बघा. पण लिंकखाली फोटो का येत नाही? दुसऱ्यांच्या लिंकला येतो की.

सी-५०१: त्याला ओजी-इमेज नावाची ओळ लागते. नमुन्यात आहे, पण तुम्ही तिथं ‘फोटो, तिरकी रेघ’ असा अर्धा पत्ता दिलाय. पानाच्या आत तो चालतो, इथं एचटीटीपीएसपासून पूर्ण पत्ता पाहिजे. फोटो ३०० केबीच्या आत ठेवा आणि यासाठी जेपीजीच घ्या. दुरुस्त करून परत तीच लिंक टाकली तर व्हॉट्सअॅप जुनंच दाखवेल. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि ‘व्ही बरोबर २’ लावा, मग ते नव्यानं बघतं.

ए-३०३: सर्च कन्सोल, म्हणजे गुगलला आपली वेबसाइट कळवायची सोय, तिची टीएक्सटी नोंदही डीएनएसमध्ये आज करून टाका, गुगलला पान सापडायला काही दिवस जातात. मॅपवर धंदा नोंदवताना पत्ता लपवायची सोय आहे, ती वापरा. आणि डोमेनच्या मुदतीची तारीख फोनमध्ये महिनाभर आधीच्या गजरासह टाका. कार्डावरचं आपोआप रिन्युअल चुकतं, आणि मुदत उलटून बरेच दिवस गेले की सोडवून घ्यायला मोठा दंड पडतो.

ए-२०२: पूर्ण पत्ता घातलो, शेवटी व्ही २ लावलो. परत टाकतो.

डी-१०१: आला बघा फोटो. बटण दाबलं तर डायरेक्ट तुमच्या व्हॉट्सअॅपला गेलं. अर्धा किलो संकेश्वरीची लिहून घ्या. पण पोरी, भाव पावशेरचा लिहिलायस, अर्ध्याचा कुठं हाय?

ए-२०२: राहिला की आबा. भरतो, आणि फोल्डर सगळंच चढवतो.