जिंतूरच्या गाडीतला वास आणि ग्रुपवर फिरलेला फोटो

कदम (सचिव): उद्या टँकर सकाळी सहाला येणार. मोटर सातला बंद. नंतर माझ्या नावानं ओरडायचं नाही.

सोळंके, बी-३०२: (फॉरवर्ड) सावधान! जिंतूर-परभणी बसमध्ये अज्ञात इसमाने विषारी गॅस सोडला. अनेक प्रवासी बेशुद्ध. रेल्वेतही असे हल्ले होणार असल्याची गुप्त माहिती. बस-रेल्वेचा प्रवास टाळा. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.

ज्योतीताई, सी-२०४: अगं बाई! आमचे हे रोज त्याच गाडीनं येतात. फोन लागंना झालाय.

ऋतुजा, ए-१०१: काकू, घाबरू नका. बोरीजवळ रेंज नसतेच.

सोळंके, बी-३०२: (फोटो) हाच तो. स्टँडवर पब्लिकनं धरला. हातातली पांढरी पिशवी बघा.

जाधव, बी-१०३: चेहऱ्यावरूनच कळायलंय.

कुलकर्णी काकू, ए-३०१: आमचा ओंकार आज रात्री नंदीग्राम एक्सप्रेसनं मुंबईला निघालाय. तिकीट रद्द करू का? दोन दिवसांनी परीक्षा आहे त्याची.

लाहोटी मेडिकल: काकू, जाऊ द्या त्याला. अर्ध्या तासात माझ्याकडचे मास्क संपले. धंदा झाला खरा, पण सांगून ठेवतो, एन-९५ धुळीला आणि थेंबांना असतो, गॅसला नाही. मी हे गल्ल्यावर बसून सांगायलोय, यावरून समजा.

ज्योतीताई, सी-२०४: लागला बाई फोन. बोरीच्या पुढं ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली म्हणे. वास लई घाण. दोघी-तिघींना उलट्या झाल्या, एका म्हातारीला चक्कर आली. बेशुद्ध कुणी नाही. सगळे खाली उतरले, हे मागच्या गाडीनं यायलेत.

देशमुख सर, सी-४०१: ज्योतीताई, वास कसा होता विचारा. लसणासारखा उग्र का?

ज्योतीताई, सी-२०४: विचारलं. म्हणे फवारणीच्या दिवसात शेतातून येतो तसाच. सगळे तेच म्हणत होते, पण तेवढ्यात एकानं “गॅस, गॅस” ओरडून दिलं.

देशमुख सर, सी-४०१: मग पहिला संशय औषधाच्या बाटलीवर जायला पाहिजे. कपाशीला सध्या फवारण्या चालू आहेत. प्रोफेनोफॉसचं झाकण सैल राहिलं आणि काचा बंद असल्या की अख्खी गाडी ओकते. विद्यापीठात तीस वर्षं हेच वास घेतलेत. पाऊस होता ना? काचा लावलेल्याच असणार.

जाधव, बी-१०३: सर, पण असे हल्ले झालेत जगात. जपानमध्ये झाला होता. उगं सगळं हसण्यावारी नेऊ नका.

देशमुख सर, सी-४०१: हसण्यावारी कोण नेतंय? २० मार्च १९९५, टोकियोची मेट्रो. ओम शिनरिक्यो नावाच्या पंथाच्या लोकांनी सकाळच्या गर्दीत पाच गाड्यांमध्ये सरीन नावाच्या विषाच्या प्लास्टिक पिशव्या ठेवल्या, वर वर्तमानपत्र गुंडाळलेलं, आणि छत्रीच्या टोकानं फोडून उतरून गेले. मृतांचा आकडा पुढं १४ वर गेला, हजारो लोक दवाखान्यात. त्यात स्टेशनचे कर्मचारीही गेले. सांडलेलं पुसून, पुडकी उचलून डबा साफ करायला गेले होते बिचारे. आणि जाधव, सरीनला रंग नाही, वासही जवळजवळ नाही. आपल्या गाडीत तर वासानंच गोंधळ झालाय.

ऋतुजा, ए-१०१: म्हणजे वास आला तर चांगलं आणि नाही आला तर वाईट? 😐

देशमुख सर, सी-४०१: तसं नाही बेटा. क्लोरीनला वास येतो आणि तो मारतोही. नाकावर भरवसा ठेवू नये, एवढंच. पण गंमत बघ, सरीन आणि आपली बरीच कीटकनाशकं एकाच घराण्यातली, ऑर्गॅनोफॉस्फेट. सरीन त्यातलं महाभयंकर. दोन्ही शरीरात एकच काम करतात, नसांचा निरोप थांबवणारं एन्झाइम बंद पाडतात. सिस्टर आहेत का ग्रुपवर?

शिंदे सिस्टर, डी-२०२: आहे. ड्युटीवरच आहे, हळूहळू लिहिते. त्या म्हातारीला इकडंच आणलंय. बाहुल्या नॉर्मल, लाळ नाही, घाम नाही. वासानं आणि भीतीनं मळमळ. सलाईन लावलंय, सकाळी घरी जाईल.
खरी विषबाधा असली की बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. तोंडाला फेस, डोळ्यांना पाणी, कपडे घामानं ओले, श्वास लागतो. मग उतारा म्हणून ॲट्रोपिन आणि पाम. टोकियोला पण हीच दोन औषधं वापरली. आपल्याकडं दर हंगामात फवारणीचे पेशंट येतात, त्यामुळं हे इंजेक्शन कुठं ठेवलंय ते आमच्या पोरींना अंधारात पण सापडतं.

कुलकर्णी काकू, ए-३०१: सिस्टर, समजा गाडीत असं झालंच तर ओंकारनं काय करायचं?

शिंदे सिस्टर, डी-२०२: गाडी थांबल्यावर उतरायचं. वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब जायचं, खड्ड्यात किंवा सखल जागी बसायचं नाही. सांडलेल्याला हात लावायचा नाही. अंगावर उडालं असलं तर वरचे कपडे लगेच काढायचे, तेव्हा लाज बाळगायची नाही, आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. तसंच रिक्षात बसून दवाखान्यात आला तर रिक्षावाला आणि आम्ही पण आजारी. टोकियोत एका मोठ्या हॉस्पिटलात पहिल्या दिवशी ६४० लोक आले, बहुतेकांना फार काही नव्हतं, पण कपड्यांवरून उडणाऱ्या वाफेनं तिथल्या स्टाफला त्रास झाला.

कदम (सचिव): रेल्वेत १३९, बाकी कुठंही ११२, अँब्युलन्सला १०८. हे तरी पाठ करा.

वाघमारे आजोबा, ए-२०२: जंतूचा हल्ला असला तर?

शिंदे सिस्टर, डी-२०२: आजोबा, जंतू पाच मिनिटांत उलटी करवत नाहीत. त्यांना दिवस लागतात. अमेरिकेत २००१ ला पोस्टाच्या पाकिटातून अँथ्रॅक्सच्या जंतूंची पावडर पाठवली, पाच जण गेले, पण पाकीट फोडल्या फोडल्या कुणी पडलं नाही.

वाघमारे आजोबा, ए-२०२: ९४ आठवलं म्हणून विचारलं. किल्लारीच्या पुढच्या वर्षी. आधी बीडकडं मामल्यात प्लेग निघाला, मग सुरतेत. सुरतहून लाखो लोक मिळेल त्या गाडीला लटकून पळाले. प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानातून गायब. आमच्या गल्लीत सुरतहून एक पोरगा आला होता, धडधाकट, तर त्याच्या घरचा दळणाचा डबा गिरणीवाला घेईना.

लाहोटी मेडिकल: वडील सांगायचे. ज्याला गरज नाही त्यानं दोन-दोन पाकिटं नेली.

पवार, डी-१०४: सोळंके, तो फोटो काढा.

सोळंके, बी-३०२: का ओ?

पवार, डी-१०४: ते आमचे साडू आहेत. बोरीचे. दोन एकर कपाशी आहे. बहिणीकडं पोरीच्या सुपारीला यायले होते, तिच्या शेतासाठी औषधाची बाटली पिशवीत टाकून आणली. झाकण सुटलं. स्टँडवर पब्लिकनं दोन-चार ठेवून दिल्या, आता पोलीस ठाण्यात बसवलंय. मी तिथंच आहे.

ज्योतीताई, सी-२०४: अरे देवा.

जाधव, बी-१०३: पण पवार, असं विष प्रवाशांच्या गाडीत आणायचंच कशाला?

पवार, डी-१०४: आणायला नको होतं. मी पण तेच झापलं त्यांना. दंड होईल तो भरतील. पण “गॅस सोडला” आणि “बाटली सांडली” यात काही फरक आहे का नाही?

देशमुख सर, सी-४०१: टोकियोच्या आदल्या वर्षी, जून १९९४ मध्ये, त्याच पंथानं मात्सुमोतो नावाच्या शहरात सरीन सोडलं होतं. सात माणसं तेव्हा गेली. ज्या गृहस्थानं पहिल्यांदा फोन करून अँब्युलन्स बोलावली, त्याची बायको त्यातच कोमात गेली. आणि पोलिसांनी संशय घेतला तो त्याच्यावरच, कारण घरात कीटकनाशकं सापडली. पेपरवाल्यांनी त्याला गुन्हेगार करून टाकलं. घरगुती औषधांतून सरीन होत नाही हे कुणी ऐकून घेईना. टोकियो घडलं तेव्हा कुठं तो संशयातून सुटला. तोवर खरे लोक मोकळेच होते की.

जाधव, बी-१०३: चेहऱ्याचं मी उगं बोललो.

ऋतुजा, ए-१०१: पुष्पक एक्सप्रेस पण आठवा. जानेवारी २०२५, पाचोऱ्याजवळ. आग लागली म्हणून कुणीतरी ओरडलं, लोकांनी साखळी ओढली आणि रुळावर उड्या मारल्या. समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. डझनभर माणसं गेली, आणि गाडीला आग लागलेलीच नव्हती. काकू, ओंकारला हे पण सांगा. उतरायचं ते प्लॅटफॉर्मच्या बाजूनं, आणि रुळावर अजिबात नाही.

कुलकर्णी काकू, ए-३०१: सांगते. तिकीट राहू देते.

सोळंके, बी-३०२: फोटो डिलीट केला. सॉरी पवार.

पवार, डी-१०४: इथला केला. अजून कुठं टाकलाय?

सोळंके, बी-३०२: आमच्या शाळेचा ग्रुप, भजनी मंडळ, सासुरवाडी, आणि क्रिकेटवाले.

पवार, डी-१०४: चारही ठिकाणी लिहा. माझ्या नावानं लिहा, नंबर पण द्या माझा. “बाटली सांडली होती, हल्ला नव्हता, फोटोतला माणूस बोरीचा शेतकरी आहे.” एवढंच. खाली हात जोडू नका आणि सुविचार टाकू नका.

सोळंके, बी-३०२: टाकतो. भजनी मंडळात आता गेलं तरी कुणी वाचणार नाही, सात वाजलेत.

पवार, डी-१०४: टाका.

ऋतुजा, ए-१०१: पवार काका, आमच्या मावशीच्या नांदेडच्या ग्रुपवर आत्ता तोच फोटो आलाय. पण तिथं बसच्या जागी नंदीग्राम लिहिलंय आणि “पाच ठार” आहे.

पवार, डी-१०४: मावशीला सांगा तिथं लिहायला.

ऋतुजा, ए-१०१: त्या ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतो. आणि टाकलंय ॲडमिननंच.

पवार, डी-१०४: ॲडमिनचा नंबर पाठव मला.