क्लॅटच्या लॉजिकल रीझनिंगची तयारी नेमकी कशी करावी?

शाल्मली:
मी बारावी कला शाखेत असून दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) आणि राज्याची विधी सीईटी अशा दोन्ही परीक्षा देणार आहे. लॉजिकल रीझनिंगचे उतारे निवांत बसून सोडवले तर जमतात; घड्याळ लावले की दोन पर्याय सारखेच बरोबर वाटू लागतात. क्लासमध्ये आणखी उतारे सोडवा एवढेच सांगतात. केवळ संख्या वाढवून हा प्रश्न सुटेल का?

करवीरकर:
केवळ संख्येने सुटणार नाही. दोन पर्याय सारखे वाटतात, कारण लेखकाचा निष्कर्ष कोणता आणि त्याने दिलेली कारणे कोणती हे पर्याय वाचण्यापूर्वी मनात वेगळे झालेले नसते. एक उदाहरण घ्या. ‘शहरात हेल्मेटसक्ती झाली, त्यानंतर दुचाकीस्वारांचे अपघाती मृत्यू घटले, म्हणजे सक्तीमुळेच मृत्यू घटले.’ यातील गृहीतक विचारले आहे आणि दोन पर्याय उरले आहेत: (अ) हेल्मेट प्रत्येक अपघातात जीव वाचवते, (ब) त्या काळात रस्त्यावरील दुचाकींची संख्या लक्षणीय घटली नव्हती. घाईत ‘अ’ निवडला जातो, कारण त्यात हेल्मेटचा थेट उल्लेख आहे. आता दोन्ही विधाने उलटी करून पाहा. हेल्मेट प्रत्येक वेळी जीव वाचवत नाही असे मानले तरी लेखकाच्या युक्तिवादाला धक्का लागत नाही. मात्र दुचाकीच लक्षणीय घटल्या होत्या असे मानले, तर श्रेय सक्तीला देण्याचा आधारच डळमळतो. म्हणून उत्तर ‘ब’. गृहीतकाच्या प्रश्नांना ही कसोटी फार उपयोगी पडते. ‘प्रत्येक’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असे टोकाचे शब्द दिसले की तेवढे बळ युक्तिवादाला खरोखर लागते का, हेही तपासावे.

सुरुवातीचे काही आठवडे घड्याळ बाजूला ठेवा आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे तो पर्याय का आवडला होता हे एका वाक्यात लिहा. बरोबर उत्तराचे स्पष्टीकरण उतरवून घेण्यापेक्षा याचा लाभ मोठा असतो, कारण थोड्याच दिवसांत आपण कोणत्या सापळ्यात वारंवार अडकतो हे त्या वहीत स्पष्ट दिसते.

मेधा_नाशिक:
वरील मताशी सहमत आहे, परंतु घड्याळ फार काळ बाजूला ठेवू नये. क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, त्यांपैकी २२ ते २६ या विभागाचे. साधारण ४५० शब्दांचा उतारा मिनिटाला २०० शब्दांच्या वेगाने वाचला तरी सव्वादोन मिनिटे लागतात. त्यावर पाच प्रश्न धरले तर प्रत्येकासाठी जेमतेम अर्धा मिनिट उरतो. त्यामुळे तुमची खरी अडचण तर्कापेक्षा इंग्रजी वाचनाच्या वेगाची असू शकते. रोज एखाद्या इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख वाचून त्याचा निष्कर्ष एका वाक्यात मराठीतच लिहा. समजले की नाही हे लगेच कळते. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, तरीही दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर उरलेल्या दोनांपैकी एक निवडणेच फायद्याचे ठरते.

शाल्मली:
मनापासून आभार. सीईटीसाठी हीच पद्धत चालेल का?

करवीरकर:
अंशतः. सीईटीत अक्षरमालिका, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, बैठकव्यवस्था असे छोटे प्रश्नही येतात; त्यांना मात्र भरपूर सरावच लागतो, आणि तिथे तुमच्या क्लासचा सल्ला योग्य आहे. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नका. अटींच्या विधानांकडे दोन्ही परीक्षांत लक्ष द्यावे. ‘हजेरी ७५ टक्के असेल तरच परीक्षेला बसता येईल’ एवढ्यावरून, हजेरी भरलेल्या प्रत्येकाला परीक्षेला बसता येईलच, असा निष्कर्ष निघत नाही. शुल्क भरण्यासारखी दुसरी अटही असू शकते.