ना दावं, ना गोठा: मिथुन राखतात तरी कसे?

डांगीवाला_अकोले:
मागच्या महिन्यात अरुणाचलात झिरोला जाऊन आलो. रस्त्याच्या मधोमध काळेभोर मिथुन (तिकडची पाळीव गुरं) उभे, गुडघ्याखाली पाय पांढरेशुभ्र. ना वेसण, ना गुराखी. माझ्याकडे नऊ डांगी गाई आहेत. एक दिवस राखण चुकली की शेजाऱ्याचा भात गेलाच. ही जनावरं मालकाकडे परत कशी येतात? कुणाचं कोणतं, कसं ओळखतात? आपल्याकडे पाळता येतील का?

सुबनसिरी:
मी त्याच जिल्ह्यात सहा वर्षं शिकवलं. त्यांना बांधून ठेवतं ते मीठ. रानातल्या पाल्यात ते पुरेसं मिळत नाही. एकदा घरमालकांबरोबर मीही रानात गेले. ते ठरावीक सुरात हाक घालत राहिले. बऱ्याच वेळाने बांबूच्या बेटात काटक्या मोडल्या आणि एक गाभण गाय पुढे येऊन त्यांच्या तळहातावरचं मीठ चाटायला लागली. ती चाटत होती तोवर त्यांनी कान चाचपले, गोचीड काढले, खूर पाहिले. मी हात पुढे केला तशी फुसकारून मागे सरली. हाक ओळखीची लागते, हातही.

खूण कानावर असते; वासरू लहान असतानाच कान कापतात, प्रत्येक घराची कापायची रीत वेगळी. दूध काढायची पद्धत नाही. लग्नातलं देणं, सणाचा बळी, तंट्यातला दंड, सगळं मिथुनावर. घराची पतच ती.

पिकात शिरतात, त्यावरून भांडणंही होतात. पण कुंपण शेताला घालायचं, जनावर मोकळं, असा तिथला रिवाज. गाव मिळून कुंपण दुरुस्त करतं.

राधानगरीकर:
म्हणजे आपला गवाच की!

सुबनसिरी:
गव्याचाच माणसाळलेला वंश, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण मिथुन बसका, शिंगं आडवी-सरळ.

डांगीवाला, इकडे आणायचा विचार नको. २०१९च्या पशुगणनेत देशात सुमारे ३.९ लाख मिथुन होते, त्यातले नव्वद टक्के एकट्या अरुणाचलात. कारण तिथलं बरंचसं रान घराण्यांच्या आणि गावांच्या ताब्यात आहे. आपल्याकडे रान वनखात्याचं. मोकळं सोडणार कुठे? शिवाय सह्याद्रीतल्या गव्यांशी संकर झाला तर गव्याचा वंश बिघडेल. खरंच शिकायचं असेल तर नागालँडात मेडझिफेमाला राष्ट्रीय मिथुन संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन या.

डांगीवाला_अकोले:
आमच्या गावालाही गायरान होतं. आजोबा तिथे दगडावर मीठ टाकून हाक मारायचे. आता तिथे प्लॉट पडलेत.