देशी कोच, परदेशी कोच आणि बेंचवर बसलेली आपली पोरं

नायगावकर

काल इथे 'अंधेरी_स्टँड' यांनी लिहिलं की आपल्या मुंबई सिटी फुटबॉल क्लबच्या चारही ट्रॉफ्या परदेशी कोचनी आणल्या, तेव्हा देशी कोचचं रडगाणं बंद करा; आणि जी पोरं बेंचवर बसतात त्यांची लायकीच तेवढी. पहिलं वाक्य खरं आहे. लोबेरा, बकिंगहॅम, क्रॅटकी, या तिन्ही कोचना माझा सलाम. दुसरं वाक्य मात्र मला झोंबलं, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१४ ला इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हा अकरांत सहा परदेशी चालायचे. २०१७-१८ ला पाच झाले, २०२१-२२ पासून चार. हे सहा, पाच, चार जण खेळले कुठे? नऊ नंबरवर (म्हणजे सगळ्यात पुढे, गोल मारणाऱ्या स्ट्रायकरच्या जागी), सेंटर बॅकला (बचावाच्या मधोमध) आणि मिडफिल्डच्या मधोमध. आपल्या पोरांना राहिल्या कडेच्या जागा. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला स्ट्रायकर होता, क्लबात आला आणि विंगर, म्हणजे कडेचा खेळाडू झाला. २०२४-२५ मध्ये भारतीयांत सगळ्यात जास्त गोल कुणाचे? सुनील छेत्रीचे. १४ गोल, वय ४०. अकरा हंगाम झाले आणि अजून तोच! बाकी सगळ्यांची लायकी नव्हती म्हणता?

माझ्या पुतण्याचं सांगतो. परळच्या मैदानावर घडलेला पक्का नऊ नंबर, दोन्ही पायांनी मारणारा. एका क्लबच्या राखीव संघात गेला (नाव घेत नाही). दोन हंगामांत तीन कोच. पहिला म्हणाला थांब, दुसऱ्याने विंगवर ढकललं, तिसऱ्याने राइट बॅक, म्हणजे उजवीकडचा बचावपटू केलं. मग करार संपला. बावीस वर्षांचा पोरगा घरी येऊन मला विचारतो, "काका, मी नक्की कोणत्या जागेवर खेळतो?" याला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा.

अंधेरी_स्टँड

पुतण्याबद्दल वाईट वाटलं, पण एका घरावरून लीग मोजू नका. बिपिन सिंग २०१८ ला मुंबईत आला. त्याचं सोनं कुणी केलं? लोबेराने. ओडिशाला ६-१ हरवलं तेव्हा हॅटट्रिक, आणि २०२१ च्या फायनलला नव्वदाव्या मिनिटाला विजयी गोल. भारतीय पोरगा, कोच स्पॅनिश.

आणि आपला राहुल भेके, अस्सल मुंबईकर. एप्रिल २०२२, रियाध. बकिंगहॅमच्या टीमने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत भारतीय क्लबचा पहिला विजय, आणि विजयी गोल भेकेचा. त्याला कुणी बेंचवर बसवलं? ज्याच्यात दम आहे तो कुठल्याही कोचच्या हाताखाली खेळतो. मी अंधेरीत पावसात उभा राहून सातवं स्थानही बघितलंय आणि ट्रॉफीही. मला जिंकणारा कोच हवा. त्याचा पासपोर्ट मी बघत नाही.

कूपरेजचा_जुना

परदेशी म्हणजे फक्त लोबेरा नव्हे हो. २०१५ आठवा. मुंबई सिटीने फ्रान्सच्या अनेल्काला खेळाडूही केलं आणि कोचही. छेत्रीला १ कोटी २० लाखांत घेतलं होतं. आठांत सहावे आलो. त्या जागी देशी कोच असता तर त्याला दुसरी नोकरी मिळाली नसती.

खालिद जमीलचं बघा. मुंबई एफसीला (सिटी नव्हे, शहरातला दुसरा क्लब) तुटपुंज्या पैशांत वर्षानुवर्षं आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या दुसऱ्या मोठ्या लीगमध्ये टिकवून धरलं. संध्याकाळी कूपरेज मैदानात टचलाइनवर ओरडून घसा बसलेला माणूस मी डोळ्यांनी बघितलाय. तिथून आयझॉल क्लबला गेला आणि २०१६-१७ ची आय-लीग जिंकली. एवढं करूनही आयएसएलमध्ये सूत्रं हातात यायला २०२१ उजाडलं, तीही नॉर्थईस्ट क्लबने आधीच्या कोचला काढल्यावर, हंगामी म्हणून. त्याने ती टीम प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीत नेली. मग कुठे पूर्णवेळ कोच. भारतीय माणसाला आधी दोनदा सिद्ध व्हावं लागतं, मग एकदा संधी मिळते. मला याचा राग येतो आणि तो जाणार नाही.

अंधेरी_स्टँड

खालिदला मानतो. पण भारताचा कोच झाल्यावर काय झालं? ऑक्टोबर २०२५ ला मडगावात सिंगापूरकडून १-२, आणि आशिया कपचा दरवाजा बंद.

कूपरेजचा_जुना

ऑगस्टमध्ये हातात आलेल्या टीमचा हिशोब ऑक्टोबरमध्ये मागता? नऊ नंबरवर खेळणारा माणूस त्याने कुठून आणायचा? नायगावकर तेच तर सांगतायत.

विक्रोळीकर

कोच, कोच, कोच. घर कसं चालणार यावर कुणीच बोलत नाही. मी ऑफिस टीमकडून, म्हणजे नोकरी देऊन खेळवणाऱ्या कंपनीच्या संघाकडून, चौदा वर्षं खेळलो. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी ऑफिसचं टेबल. गुडघा गेला तरी पगार चालू राहिला, पोरींची शिक्षणं झाली. आज कोणती आयएसएल टीम एवढं देते? जुलै २०२५ ला फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या एफएसडीएल कंपनीच्या कराराचं घोंगडं भिजत पडलं, लीग थांबली आणि काही क्लबांनी पगार रोखले. माझ्या चाळीत एक पोरगा तेव्हा बॅग भरून बसला होता. बोलावणं येईना आणि हप्ता थांबेना. नायगावकर, पुतण्याला रेल्वेच्या टीमात, नोकरीत घाला.

अंधेरी_स्टँड

याच नोकरीच्या मानसिकतेने मुंबईचं फुटबॉल मारलं! चार वाजता पंचिंग करून मैदानात उतरणारा माणूस आशियात काय खेळणार? ऑफिस टीमच्या लोकांनी व्यावसायिक खेळाडूला उपदेश करू नये.

विक्रोळीकर

तोंड सांभाळून. त्याच ऑफिस टीमनी या शहराला खेळाडू दिले. महिंद्रा कंपनीची महिंद्रा युनायटेड २०१० ला बंद झाली तेव्हा कूपरेजला रडणारी माणसं होती. तुमची सिटी जन्मायला अजून चार वर्षं होती.

वांद्र्याची_आई

दोघांनी थांबा जरा. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, नेव्हिल डिसोझा मैदानावर खेळतो. खेळून झालं की गर्दीच्या ट्रेनमधून क्लासला, रात्री दहाला घरी. नोकरी चांगली की करार, हे मला विक्रोळीकरांकडून ऐकायचंच आहे, कारण घरी रोज हाच वाद होतो. पण ऑफिस टीम आता नवी भरती करतात तरी किती? माझ्या भावाच्या ऑफिसात खेळाडूंच्या जागा कधीच्या गोठवल्यात. तुम्ही ज्या दारातून आत गेलात ते आमच्यासाठी उघडं आहे का?

विक्रोळीकर

पूर्वीइतकं नाही, ताई. हे कबूल करावं लागेल. रेल्वे, पोलीस अजून घेतात. बाकी ठिकाणी करारावर घेतात आणि हंगाम संपला की सोडतात.

अंधेरी_स्टँड

मग क्लबमध्ये आणि ऑफिसात फरक काय राहिला?

बरं, मी मघाशी जे बोललो ते विक्रोळीकरांना लागलं असेल. शब्द मागे घेतो, मत नाही.

नायगावकर

मी कोचबद्दल लिहिलं आणि धागा रेल्वेत जाऊन बसला. पण खरं सांगायचं तर आमच्या घरातही वाद तिथेच अडकलाय.

अंधेरी_स्टँड, बिपिनचा मुद्दा नाकारता येत नाही. लोबेराने त्याच्यावर अख्खा हंगाम विश्वास टाकला. माझं म्हणणं तेवढंच आहे. कोच देशी असो की स्पॅनिश, त्याला डिसेंबरात हाकलायची भीती असेल तर तो वीस वर्षांच्या पोराला नऊ नंबर देणार नाही. तीस वर्षांचा परदेशी स्ट्रायकरच उतरवणार, कारण रविवारचा निकाल त्याच्या नोकरीचा आहे. नियम चार परदेशी म्हणतो, त्यांतला एकही पुढे नको असं कुठल्याही क्लबला वाटत नाही. हे बदलल्याशिवाय लायकी कुणाची मोजता?

विक्रोळीकर, रेल्वेची ट्रायल पुढच्या आठवड्यात आहे. पुतण्या जाणार आहे. फॉर्मवर जागा विचारली होती, त्याने स्ट्रायकर लिहिलं. मी म्हटलं राइट बॅकही लिही, घेण्याची शक्यता वाढेल. तो नाही म्हणाला.