मदत हवी आहे: ग्लोव्ह्जशिवाय ठोसा आणि गार्ड (बचावासाठी हात धरण्याची पद्धत) कसा बदलावा?

अंतराचं भान, पायांची हालचाल, ठोसा येताना डोळे उघडे ठेवण्याची सवय: बॉक्सिंगमधलं एवढं रस्त्यावरच्या मारामारीतही टिकतं. अडचण हातांची आहे. हाताला गुंडाळलेली साडेचार मीटरची पट्टी मनगट सरळ धरते, स्पारिंगचे (सरावाच्या लढतीचे) 16 औंसांचे ग्लोव्ह्ज धक्का पसरवतात. उघड्या मुठीचा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) मात्र समोरच्याने मान खाली घातली की थेट कपाळावर बसतो आणि करंगळीमागचं तळहातातलं हाड मोडतं. यालाच बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात.

गार्डचंही तेच. ग्लोव्ह्जआड चेहरा झाकता येतो, उघड्या हातांमधून ठोसा सरळ आत शिरतो. म्हणून हात कपाळाला लावून कोपर पुढे काढणं जास्त सुरक्षित वाटतं. बॉब-वीव्ह करणं, म्हणजे खाली झुकून डोकं बाजूला काढत ठोसा चुकवणं, तर धोक्याचंच, कारण तिथे गुडघा येतो आणि मानेला पकड बसते. क्लिंचमध्ये, म्हणजे दोघे एकमेकांना बिलगून धरतात तेव्हा, ‘ब्रेक’ म्हणणारा रेफरीही नसतो.

जाणकारांनी सांगावं: हेवी बॅगवर (टांगलेल्या जड पिशवीवर) तळहाताच्या मनगटालगतच्या भागाने सरळ मारण्याचा सराव आठवड्यात किती राउंड ठेवावा? फक्त पट्टी बांधून, निम्म्या जोराने मारताना मनगट दुमडू नये म्हणून जोर कोणत्या टप्प्यांनी वाढवावा? क्लिंचमध्ये अंडरहूक घेऊन (समोरच्याच्या काखेखालून हात घालून), ढकलून बाहेर पळण्याचं ड्रिल कोणी घेतं का? आणि मुख्य शंका, या सगळ्याने स्पर्धेचा गार्ड बिघडतो का?