विषय: जॉन स्नो गेला? (पाचवा सीझन संपवला नसेल तर उघडू नका)

मंडळी,

काल, १४ जूनला, 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेच्या पाचव्या सीझनचा शेवटचा भाग बघितला आणि झोप उडाली. भिंतीवरच्या पहारेकऱ्यांच्या सरदाराला, जॉनला, त्याच्याच माणसांनी मारलं ते मारलं, पण कसं! त्याच्या हाताखालचा पोरगा ऑली धावत येतो, तुमच्या बेंजेनकाकांची खबर आलीये म्हणतो, आणि जॉन हातातली पत्रं टाकून निघतो. बाहेर खांबावर पाटी: 'गद्दार'. मग एकेक जण पुढे येऊन सुरा खुपसतो, सगळ्यांत शेवटी ऑली. आपल्या नारायणरावांनी निदान 'काका, मला वाचवा' म्हणून हाक तरी मारली होती. इथे काकांचं नाव घेऊनच गळाला लावलं!

पण तो मेला असं मी धरत नाही. पुजारीण मेलिसांद्रे, राजा होऊ पाहणाऱ्या स्टॅनिसला वाऱ्यावर सोडून, नेमकी याच भागात जॉनच्या किल्ल्यावर, कॅसल ब्लॅकला, का पोचते? स्टॅनिसचा माणूस डाव्होस, त्यानं स्टॅनिसच्या मुलीबद्दल, शिरीनबद्दल, विचारलं, तर तोंडातून शब्द नाही. त्या बाईला उगाच घोड्यावरून एवढ्या लांब आणलेलं नाही.

– रेवा

*

रेवा,

तुझी एक रात्र गेली, माझी चार वर्षं गेली आहेत. ही मालिका ज्या कादंबऱ्यांवरून केलीये, त्यांतल्या २०११ साली आलेल्या पाचव्या पुस्तकातही जॉन इथेच पडतो आणि सहाव्याचा अजून पत्ता नाही. त्यातून जॉनचं काम करणाऱ्या नटानं मुलाखतीत सांगितलंय की मी परत येणार नाही. पहिल्या सीझनमध्ये नेड स्टार्कच्या वेळीही असेच सगळे म्हणत होते, नायक आहे, सुटेल. मान उडाली ना?

मला विचारशील तर खरी शंका स्टॅनिसची. लढवय्या ब्रिएननं त्याच्यावर तलवार उगारली, पण घाव काही दाखवला नाही. जॉनचे मात्र उघडे डोळे आणि बर्फात पसरणारं रक्त अगदी जवळून दाखवलं.

– काका

*

काका,

नट दुसरं काय सांगणार! आणि तिसऱ्या सीझनमधला बेरिक विसरलात? मेलिसांद्रेच्याच देवाचा पुजारी थोरोस, त्यानं बेरिकला मेल्यावर सहा वेळा उठवलं, हे मेलिसांद्रेनं स्वतः ऐकलंय, तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. म्हणजे हे होऊ शकतं, एवढं तिला माहीत आहे.

त्याहून मोठी गंमत शपथेत आहे. पहारेकऱ्याची शपथ मरेपर्यंतची. मेला, की सुटला! परत उठला तर त्याला तिथे कुणी अडवू शकत नाही. माझा अंदाज: ऑली आणि सुरा खुपसणाऱ्यांतला थॉर्न यांचा हिशेब चुकता करून स्वारी थेट स्टार्कांच्या गढीवर, विंटरफेलवर.

फक्त तो पूर्वीसारखा हसतखेळत उठू नये. दर खेपेला आपण थोडे थोडे कमी होऊन परत येतो, असं बेरिक म्हणतो. तसं काही दाखवलं नाही, तर मी तुमच्या बाजूनं.

– रेवा

ता. क. स्टॅनिस गेला हो. पोटच्या पोरीला जाळल्यावर त्याला वाचवायचं तरी कुणासाठी?

*

नमस्कार,

विषयातच 'जॉन स्नो गेला?' लिहायचं आणि पुढे कंसात 'उघडू नका'! धन्य आहे. आम्ही दोघं अजून दुसऱ्या सीझनवर आहोत. नेडनंतर ह्यांनी बघणंच सोडलं होतं, कसंबसं परत बसवलंय. आता एवढं फुटलंच आहे तर एकच सांगा, नेडचा मुलगा रॉब तरी सुखरूप आहे ना?

– वहिनी